पडवीतल्या बॅटऱ्या, माजघरातला इन्व्हर्टर : केबलच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दापोली

दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत हात लावता आला नाही, म्हणून आठवड्यात परत आलो. बाबांची तक्रार अशी: लाइट गेलेले असताना विहिरीवरचा पंप लावला की इन्व्हर्टर दोन-तीनदा ओरडतो आणि सगळं घर अंधारात. बॅटऱ्या जेमतेम दोन वर्षांच्या. वायरमनचं निदान झालेलं आहे, 'बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या.' बाबांनी पैसे काढूनही ठेवले होते. म्हटलं थांबा, आधी मीटर लावून बघू.

सिस्टीम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) इकडे कित्येक दिवस लाइट नव्हते, तेव्हाच घरचं काहीतरी हवं असं ठरलं. ठरवण्यात दोन वर्षं गेली. २०२२ मध्ये २४ व्होल्टचा २ केव्हीए सोलर इन्व्हर्टर, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि कौलांवर दोन पॅनेल बसवली. बॅटरीशिवायची ऑन-ग्रिड सिस्टीम स्वस्त पडली असती, पण लाइनमधली वीज गेली की तीही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप, तेच कारण तिने भागत नव्हतं.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग या सप्टेंबरात बॅटऱ्या माजघरातून मागच्या पडवीत गेल्या. हा आईचा हट्ट, आणि तो बरोबरच होता. बॅटऱ्या देवघराच्या भिंतीला लागून होत्या. चार्जिंगच्या शेवटी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तिथून दोन हातांवर रोज संध्याकाळी समई लागते. बॅटऱ्या हलल्या, इन्व्हर्टर मात्र होता तिथेच राहिला. मधलं अंतर कसं भरून काढलं ते आज टॉर्च घेऊन पाहिलं.

कंपनीकडून आलेली १० स्क्वेअर एमएमची (म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ तेवढं, जितकं मोठं तितकी तार जाड) केबल, एकेक बाजू सव्वा मीटरच्या आसपास. तिच्या टोकाला ६ स्क्वेअरची घरगुती वायर तीन मीटर, पीळ देऊन जोडलेली, वर काळी टेप. प्लसलाही काळी, मायनसलाही काळी. टेपवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी मेन स्विच पाडून पंप इन्व्हर्टरवर लावला. पहिल्या खेपेला ट्रिप, दुसऱ्या खेपेला चालू झाला. माझा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या केबलला लावला तर शून्य दाखवतो. (विकत घेताना हे लक्षात आलं नव्हतं. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा असतो आणि महागही.) म्हणून इन्व्हर्टरच्या आउटपुटला लावला. पंप, फ्रिज, दोन पंखे मिळून पावणेचार अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर सुमारे ७८० वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून बॅटरीच्या बाजूला २४ व्होल्टवर ३८ अँपिअर.

आता साध्या मल्टिमीटरने दोन मापं. बॅटरीच्या खुंट्यांवर २४.५ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २३.१. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच गायब. ३८ अँपिअरने गुणलं की ५३ वॅट होतात. पडवीच्या भिंतीवर एक जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस पेटवून ठेवल्यासारखं, फक्त उजेड नाही.

कागदावर ताळा करून पाहिला. १० स्क्वेअरच्या लवचिक तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम, ६ स्क्वेअरचा ३.३०. जाऊन-येऊन २.४ मीटर जाड आणि ६ मीटर बारीक धरली तर साडेचोवीस मिलिओहम, म्हणजे ३८ अँपिअरला ०.९३ व्होल्ट. उरलेला जवळपास अर्धा व्होल्ट त्या पिळांमध्ये! अठरा वॅट, टेपच्या गाठींत. बोट का भाजलं ते कळलं.

पंप चालू होतानाच गाडी का अडते, तेही यातच आलं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते. बॅटरीकडून १२० अँपिअर जरी मागितले तरी या वाटेवर साडेचार व्होल्ट पडतात. बॅटरीत २३.५ असले तरी इन्व्हर्टरला १९ दिसतात, आणि तो २१ ला 'बॅटरी संपली' म्हणून मोकळा होतो. बॅटरी बिचारी भरलेली आहे.

उलट्या दिशेनेही हेच. उन्हात १५-१६ अँपिअर बॅटरीकडे जातात तेव्हा वाटेत अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो. इन्व्हर्टर स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो आणि बॅटरी भरत आली असं समजून हात आखडता घेतो. दोन महिने बॅटऱ्या अर्धपोटी राहिल्या असणार. नव्या आणल्या असत्या तर त्यांचंही हेच झालं असतं.

पिळाच्या जागी तात्पुरते पितळी कनेक्टर स्क्रू घट्ट करून लावले. बाबांना सांगितलं, मी येईपर्यंत पंप लाइट असतानाच लावा.

१३ नोव्हेंबर, बुधवार. पुणे, रात्री

हिशेब. इन्व्हर्टरवर एका वेळी जास्तीत जास्त १५०० वॅट चालू राहतील असं धरतो. बॅटरी उतरून २२ व्होल्टवर आली तर ८० अँपिअर. अंतर एका बाजूने ४.२ मीटर. करंटला जायला आणि यायला दोन्ही वाटा लागतात, म्हणून ८.४ मीटर. ही दुप्पट करायला विसरणारे पुष्कळ, मीही पहिल्या कागदावर विसरलो होतो.

वाटेत दोन टक्क्यांहून जास्त घालवायचं नाही, म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट. १६ स्क्वेअरला ०.८१ पडतो, बाद. २५ ला ०.५२, थोडक्यात बाद. ३५ ला ०.३७, पास. ५० ला ०.२६, पण ती वळवताना घाम फुटेल आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलला तिचा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) बसेलसं वाटत नाही. तेव्हा ३५, नऊ मीटर.

कौलांवरून येणाऱ्या पॅनेलच्या वायरीचाही हिशेब करून बघितला, कारण ती फक्त ४ स्क्वेअरची आहे आणि बारा मीटर लांब. सोळा अँपिअरला तिथे जवळजवळ दोन व्होल्ट पडतात. ऐकून धसका बसतो, पण तिथे हात लावणार नाही. आमच्या इन्व्हर्टरचा चार्जर पीडब्ल्यूएम जातीचा आहे. पॅनेल ३७ व्होल्टपर्यंत चालू शकतं आणि हा चार्जर त्याला बॅटरीच्या २८ पर्यंत खाली खेचतो. मधले व्होल्ट असेही वाया जाणार, त्यातले दोन वायरीने खाल्ले तरी चार्जिंगचा करंट कमी होत नाही. चार्जर एमपीपीटी, म्हणजे जादा व्होल्टचं करंटमध्ये रूपांतर करणारा, असता तर हेच दोन व्होल्ट टोचले असते.

१६ नोव्हेंबर, शनिवार. पुणे

केबल आणली. उद्या परत करायची आहे.

दुकानात '३५ स्क्वेअर वेल्डिंग केबल' मागितली होती. वेल्डिंगची का, तर तिचे धागे केसासारखे बारीक असतात, ती सहज वळते आणि जाडीही लगेच मिळते. भाव ऐकून मलाच शंका आली होती. 'कॉपर आहे ना?' विचारलं तर 'साहेब, सगळे हेच नेतात' असं उत्तर मिळालं. हे उत्तर नव्हतंच, पण मी घाईत होतो.

घरी उचलली आणि हाताला हलकी लागली. बरोबर एक मीटर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: २०५ ग्रॅम, रबरासकट. तांब्याची घनता ८.९६. ३५ स्क्वेअरच्या एक मीटरमध्ये ३५ घन सेंटिमीटर धातू, म्हणजे नुसतं तांबंच ३१३ ग्रॅम भरायला हवं, वर रबर वेगळं. टोक सोललं तर धागे छान तांबूस. एक धागा ब्लेडने खरवडला तर आत पांढरा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! खात्रीसाठी दोन धागे चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत घातले. जुन्या वायरीतला खऱ्या तांब्याचा धागा लालबुंद होऊन तसाच ताठ राहिला. नवा लाल व्हायच्या आधीच मऊ पडला, वाकला आणि टोकाला त्याचा मणी झाला. बायकोने विचारलं, हे किती वेळ चालणार आहे.

ॲल्युमिनियम वाईट असतं असं नाही. महावितरणच्या खांबांवर तेच असतं. पण त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ही ३५ प्रत्यक्षात तांब्याच्या २२ च्या आसपास. दुसरी गोष्ट जास्त वाईट. तांब्याच्या लगमध्ये ॲल्युमिनियमचे धागे, भोवती कोकणातली खारी दमट हवा आणि शेजारी ॲसिडची बॅटरी. दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी भुकटी झाली असती आणि जोड पुन्हा तापला असता.

वेल्डिंग केबलला माझा आक्षेप नाही. तांब्याची चांगल्या कंपनीची वेल्डिंग केबल उत्तमच असते. वजनाची ही चाचणी मात्र दुकानातच करायला हवी होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

केबल परत झाली. तुकड्याचे पैसे कापले, हरकत नाही.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगत होतो. ३५ स्क्वेअर, नऊ मीटर, छताच्या कडेने केसिंग पट्टीतून न्यायची, दारावरून वळवायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, पण बॅटऱ्या त्याच भिंतीच्या पाठीमागे सरकवून ठेवल्या तर? भिंतीला भोक पाडायचं. जांभ्याचा चिरा आहे, छिन्नीने तासाभरात पडेल."

मी दारावरून जाणाऱ्या ४.२ मीटरला पक्कं धरून बसलो होतो. आठवडाभर केबलची जाडी बदलून पाहिली, लांबी एकदाही बदलून पाहिली नाही.

पुन्हा हिशेब. भिंत, दोन्हीकडची वळणं आणि फ्यूजपर्यंतचा हात धरून एका बाजूने १.७ मीटर, जाऊन-येऊन ३.४. आता २५ स्क्वेअरला ८० अँपिअरवर ०.२१ व्होल्ट. १६ सुद्धा ०.३३ मध्ये बसते. पण १६ घेणार नाही. व्होल्टच्या हिशेबात ती पास असली तरी ८० अँपिअर सतत वाहिले तर ती तापेल, आणि मे महिन्यात पडवीत आधीच उकाडा असतो. व्होल्ट किती पडतात आणि केबल किती तापते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लांब केबलला पहिला अडतो, आखूड केबलला दुसरा.

इन्व्हर्टरच पडवीत का नेत नाही, हाही विचार केला. तिथे तिरपा पाऊस येतो, उंदीर आहेत आणि इन्व्हर्टरमध्ये पंखा आहे, तो ती सगळी दमट हवा आत ओढणार. नको.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. पुणे

दुसऱ्या दुकानातून २५ स्क्वेअर तांब्याची लवचिक केबल, तीन मीटर लाल आणि तीन मीटर काळी. मीटर-मीटरवर कंपनीचं नाव आणि आयएसआयची खूण छापलेली. काटा सोबत नेला होता. दुकानदार हसला, पण त्याने वजन करू दिलं. लाल एक मीटर २८० ग्रॅमच्या आसपास, त्यात तांबं २२४ असायला हवं, तेव्हा हिशेब जमतो. बिल एका बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

सोबत कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे लग: २५ स्क्वेअरचे, ८ मिलिमीटर भोकाचे, दहा. मला आठच लागणार आहेत. एक वाया घालवायला घेतलाय आणि एक गाडीत सांडायला. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), लाल आणि काळी. ८० अँपिअरचा एचआरसी (शॉर्ट सर्किटचा मोठा करंटही सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज, त्याचा बेस आणि एक जादा फ्यूज.

फ्यूज आतापर्यंत नव्हताच! या आकाराच्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर हजार अँपिअरहून जास्त वाहू शकतात, आणि ६ स्क्वेअरची वायर त्यापुढे अगरबत्तीसारखी जळेल. केबल झेपवते त्याहून फ्यूज लहान हवा आणि रोजच्या लोडहून मोठा. आमचं रोजचं ४०, टोकाचं ७५-८०. पंप सुरू होतानाचा क्षणभराचा झटका एचआरसी फ्यूज सहन करतो, त्याला वितळायला वेळ लागतो. जागा बॅटरीच्या प्लसपासून जितकी जवळ जमेल तितकी, कारण फ्यूजच्या अलीकडच्या केबलला कोणी वाली नसतो.

२० नोव्हेंबर, बुधवार. दापोली

विधानसभेचं मतदान. त्यासाठी गावी यायचंच होतं. शाई लावून आलो आणि भोक पाडायला घेतलं. बाबांचा तासाभराचा अंदाज चुकला, अडीच तास लागले, कारण मध्ये चिऱ्यांचा सांधा लागला आणि तो जुन्या काळच्या चुन्यात भरलेला. तांबडी धूळ देवघरापर्यंत. आईने काही म्हटलं नाही, फक्त झाडू आणून माझ्यासमोर उभा केला.

भोकातून पीव्हीसी पाइप घातला, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत वाहत येणार नाही. केबल पाइपात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडायचा आहे, थेंब तिथून गळून पडतील.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लग दाबणे. मतमोजणीचा दिवस, बाहेर फटाके, आत टीव्ही. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, कारण हायड्रॉलिक क्रिंपिंगचं मशीन तिथे आहे.

घरी हातोडीने एक लग ठोकून पाहिला होता. वरून छान चपटा दिसत होता, ओढला तर निघाला नाही. हॅक्सॉने आडवा कापला तेव्हा कळलं: मधे धाग्यांचा सैल गठ्ठा, दोन्ही कडांना सुई जाईल एवढ्या फटी. मशीनवर दाबलेला दुसरा लग कापला तर षटकोनी आकाराचं सलग तांबं. भिंगाने धाग्यांच्या कडा मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकांत दाबलेल्या दिसतात, हवा शिरायला जागाच नाही. जादा घेतलेले दोन्ही लग असे कारणी लागले. दुकानातल्या मुलाला कापलेला दाखवला, त्याने तो काउंटरवर ठेवून घेतला.

डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, आणखी पक्कं करावं का? नाही. सोल्डर धाग्यांमधून वर चढतं, लवचिक केबल तिथे काडीसारखी कडक होते आणि पुढे तिथेच तुटते. जोड फार तापला तर ते वितळतंही.

दुपारी जोडणी. आधी पॅनेलचं आयसोलेटर (पॅनेल वेगळं तोडायचा स्विच) बंद, मग इन्व्हर्टर, मग बॅटरीची मायनस सोडली. पॅनेल चालू ठेवून बॅटरी काढली तर पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज चार्जरवर येतं. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली, हातातलं कडं काढून आईकडे दिलं. खुंट्यांवरची पांढरी-निळसर भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, फसफसून निघून गेली. शिसं चमकेपर्यंत घासलं. दोन बॅटऱ्यांना जोडणारा मधला तुकडाही २५ चाच केला. सगळा करंट त्यातूनही जातो, पण तो आखूड म्हणून बरेच जण तिथे जुनाच ठेवतात. नट घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिन. आधी लावायचं नाही, धातू धातूला टेकला पाहिजे.

शेवटची मायनस टेकवताना टणकन ठिणगी उडाली. बाबा मागे सरकले. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात त्याची ती असते, घाबरायचं कारण नाही.

पंप, फ्रिज, दोन पंखे. बॅटरीवर २४.३८, इन्व्हर्टरवर २४.२१. आधी १.४ व्होल्ट जात होते, आता ०.१७. पंप लागोपाठ सहा वेळा चालू-बंद केला, एकदाही ओरडला नाही. सहाव्यांदा बाबा म्हणाले, "टाकी वाहतेय."

२४ नोव्हेंबर, रविवार

निघण्याआधी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोड वेगळा मोजला: एक टोक शिशाच्या खुंटीवर, दुसरं लगच्या मानेवर, पंप चालू असताना. तीन ठिकाणी ४-५ मिलिव्होल्ट, एका ठिकाणी ७. फ्यूजवर ३८. हे आकडे बॅटरीच्या पेटीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. कुठला जोड बिघडतोय ते हाताला तापायच्या आधी असं कळतं.

२१ जून २०२५, शनिवार

यंदा पाऊस मेच्या शेवटीच आला, त्यामुळे पडवी महिनाभर ओली आहे. पाइपातून पाणी आलेलं नाही. मुंग्या आल्या होत्या, सिलिकॉनने तोंड बुजवलं.

मिलिव्होल्ट पुन्हा मोजले. सगळे जागच्या जागी, फक्त दुसऱ्या बॅटरीच्या प्लसवर ५ चे ६० झालेले. गंज नव्हता, नट सैल होता. शिसं मऊ, दाबाखाली हळूहळू दबत जातं आणि नट आपोआप ढिला पडतो. पाव आटा फिरवला, पुन्हा ५. नोव्हेंबरात बसवल्यावर महिन्याभरात एकदा आवळायला हवे होते, ते राहून गेलं. बाबांना टेप गुंडाळलेला पाना काढून दिलाय. बॅटरीचं पाणी बघायला पेटी उघडतील तेव्हाच नटही बघतील.

वायरमन येऊन केबल बघून गेला. त्याने भोकाचं माप विचारलं.